उसनं नाक

ढिगात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई मामाने ओढून काढली, तिचं वाफाळतं टोक माझ्या नाकापुढे धरलं आणि विचारलं, "बोला प्रोफेसर, वास कसा येतोय?"

मला वाटलं, मामा माझी तोंडी परीक्षा घेतोय. तोंडी परीक्षेत 'माहीत नाही' म्हणायचं नसतं, एवढं एकच शास्त्र मी आमच्या गावच्या कॉलेजातून पक्कं शिकून आलो होतो. त्यात मला सर्दी. नाक असं चोंदलेलं की अत्तर कुठलं आणि डांबर कुठलं, सांगता आलं नसतं. तरी मी डोळे मिटले, खोल श्वास घेतल्यासारखं केलं आणि मामानेच कधीतरी शिकवलेलं उत्तर त्यालाच परत केलं.

"पालापाचोळा कुजलेल्या मातीसारखा. निरोगी."

"आंबूस वगैरे?"

"नावालासुद्धा नाही."

मामाने समाधानाने सळई पुसली, तीन नंबरच्या ढिगावर भुशाचा शेवटचा थर चढवला आणि फावडं भिंतीला टेकवलं. आपण पास झालो असं समजून मी कत्तलखान्याच्या वजनकाट्यावर निघून गेलो. तिथे मी गाड्यांची वजनं घ्यायचो. नोकरी मामानेच लावून दिलेली.

कत्तलखान्यातलं मांस बाजारात जायचं, कातडी कातडीवाल्याकडे जायची आणि उरलेलं सगळं, म्हणजे रक्त, आतडी, खुरं, पिसं, पोटातला अर्धवट पचलेला चारा, मागच्या आवारात मामाकडे यायचं. "लोकांनी टाकलेला माल माझ्या वाट्याला," मामा म्हणायचा, "भाचा धरून."

आवारात ओळीने सिमेंटचे कप्पे होते, तीन बाजूंनी भिंत आणि पुढून उघडे. तळाला लाकडाच्या भुशाचा जाड थर, त्यावर हा कचरा, पुन्हा भुसा, पुन्हा कचरा, आणि मध्ये मध्ये निळ्या पिंपातलं गढूळ पाणी शिंपडायचं. त्या पाण्यात जिवाणू. आम्ही त्याला विरजण म्हणायचो. डोळ्यांना न दिसणारे हे कामगार ढिगात बसून खात राहतात, आणि खाताना इतके तापतात की आतून काढलेली सळई हातात धरवत नाही. सुट्टी नाही, युनियन नाही. काही महिन्यांनी कप्प्यात काळंभोर भुसभुशीत खत उरतं. पण त्यांना हवा लागते. ओल वाढली, हवा कोंडली, की हे बिचारे मरतात आणि त्यांच्या जागी बिनहवेचे जिवाणू येऊन बसतात. तेही खातात, पण अशी घाण सोडतात की विचारू नका. वरून ढीग गरमच लागतो आणि तळाशी सगळं नासलेलं असतं. ते आधी कळतं फक्त नाकाला. मॅनेजरसाहेबांनी आणून दिलेला लांब दांड्याचा थर्मामीटर मामाने खिळ्याला शोभेसाठी टांगला होता, आणि तो वापरला असता तरी त्याने वास काही सांगितला नसता.

काही दिवसांनी तीन नंबर फुटला. भिंतीखालून काळपट चिकट पाणी पाझरून गटारात गेलं आणि गटाराने ते इमानदारीने घरोघर पोचवलं. पलीकडच्या शाळेने मुलांना सुट्टी दिली. बेकरीवाला दुकान बंद करून थेट आमच्या फाटकावर आला आणि त्याच्यामागे अर्धी गल्ली. मॅनेजरसाहेब तोंडाला रुमाल बांधून धावत आले. मी भिंत धरून ओकत होतो, कारण माझी सर्दी नेमकी आदल्या दिवशी बरी झाली होती.

आणि मामा? मामा त्या काळ्या पाण्यापासून हातभर अंतरावर उपड्या बादलीवर बसून चहात पाव बुडवून खात होता.

"काय हो, एवढी गर्दी कशाला?" त्याने विचारलं.

"कशाला?" साहेब रुमालातून ओरडले. "मामा, अख्खी वस्ती घुसमटतेय! तुम्ही खाताय काय इथे बसून?"

मामाने साहेबांचा रुमाल बघितला, मला बघितलं, भिंतीखालचं पाणी बघितलं. मग विनोद न कळताच चारचौघांबरोबर हसणाऱ्या माणसासारखा त्याने आपलाही रुमाल काढून नाकाला लावला. जरासा उशिरा. साहेब गर्दीला समजावण्यात गुंतले होते, त्यामुळे तो उशीर फक्त माझ्या लक्षात आला.

गर्दी पांगल्यावर साहेबांनी निकाल सुनावला. "सोमवारी पालिकेच्या आरोग्य खात्याच्या बाई येणार. तोवर हा वास गेला तर ठीक. नाहीतर ढीग बंद आणि माल पुन्हा खड्ड्यावर."

"आणि मी?" मामाने विचारलं.

"तुम्ही म्हणजे काय? आधी खड्ड्यावर तुम्हीच होतात ना?"

मामाने पावाचा उरलेला तुकडा चहात सोडून दिला. त्याने कप खाली ठेवला.

खड्ड्याबद्दल सांगायला हवं. ढीग सुरू होण्याआधी हा सगळा माल वस्तीबाहेरच्या खड्ड्यात जायचा, आणि मामा वर्षानुवर्षं तिथे गाडी रिकामी करायचा, चुना टाकायचा, माती ओढायचा. वास अंगात असा मुरला होता की न्हाव्याने त्याला दिवसातलं शेवटचं गिऱ्हाईक करून टाकलं होतं. लग्नकार्यात त्याची खुर्ची दाराबाहेर. माझी आई त्याची सख्खी बहीण, पण तीही त्याला चहा अंगणातच द्यायची, आणि दोघंही असं दाखवायची की आज अंगणात वारा छान आहे. एकदा त्याचा जोडीदार अडकलेलं फावडं काढायला खड्ड्यात उतरला आणि खाली साचलेल्या वायूने तिथेच बसला. मामाने दोरीच्या फासाने त्याला वर ओढलं तेव्हा उशीर झाला होता. पुढे ढीग आले, अंगाचा वास उतरला, तेव्हा मामा आमच्या घरात पहिल्यांदा आतल्या खोलीत येऊन बसला. आईने पंखा लावला तर म्हणाला, "राहू दे, सवय होऊ दे सगळ्यांना."

साहेब गेल्यावर मी त्याला पिंपांच्या आडोशाला गाठलं.

"मामा, तुला वास येत नाही."

"हळू बोल."

"कधीपासून?"

"थंडीतला तो ताप आठवतो? त्याच्याबरोबर गेला. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल."

"अरे, मग मला सांगायचं ना! मला वाटलं, तू माझी परीक्षा घेतोयस!"

"म्हणजे?"

"मला सर्दी होती मामा. मला काहीच येत नव्हतं. मी ठोकून दिलं."

मामा एक पाऊल पुढे आला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"दोन माणसं," तो म्हणाला, "चार नाकपुड्या. आणि कामावर एकही नाही." तो हसायला लागला. हसणं अर्ध्यात मोडलं आणि तो तोंड फिरवून पिंपाचं झाकण उगाच घट्ट बसवत राहिला.

मामी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी फोन केला तशी ती संध्याकाळच्या बसने परत आली. आवारालाच लागून कत्तलखान्याने दिलेल्या दोन खोल्या, तिथे मामा-मामी राहायचे. तिने पिशवी दारात ठेवली, खुंटीवरचा मामाचा शर्ट काढला, नाकाला लावला आणि तिथेच खाली बसली.

"तीन नंबर तळापासून गेलाय," ती म्हणाली. "आणि चारच्या कडेला सुरुवात आहे."

तेव्हा मला सगळं कळलं. रोज संध्याकाळी मामा घरी आला की मामी त्याच्या शर्टाचा वास घ्यायची आणि कुठला ढीग आंबतोय, कुठला कोरडा पडलाय, ते त्याला सांगायची. मामा कामावर हिंडताना शर्टाची डावी बाही एका कप्प्यात घासायचा, उजवी दुसऱ्यात, गळपट्टी तिसऱ्यात. दोघांनी मिळून बसवलेली ही पद्धत होती आणि थंडीपासून ती बिनबोभाट चालली होती. मी मात्र मामी धुण्याआधी शर्ट हुंगते म्हणून चेष्टा करायचो. "काय गं मामी, अजून एवढं प्रेम?" ती म्हणायची, "तुझं लग्न झालं की कळेल."

"जाताना मी ह्यांना सांगितलं होतं, भाच्याला खरं काय ते सांगा," मामी म्हणाली. "पण नाही. भाच्यापुढे नाक कापलं गेलं असतं ना!"

"होतं कुठे कापायला?" मामा म्हणाला.

ओल शोषायला कोरडा भुसा हवा होता आणि तो भरपूर हवा होता. आमचा साठा संपलेला. लाकडाच्या वखारीवर गेलो तर वखारवाल्याने आधी दोन पावलं मागे घेतली.

"भुसा घेऊन जा, मामा. पैसे नकोत," तो म्हणाला. "पण पोती मला परत हवीत. धड, धुतलेली. तागाची पोती हल्ली कुठे मिळतात?"

"मिळतील. माझा शब्द."

"तुमच्या शब्दाला वास नाही आला म्हणजे झालं," वखारवाला म्हणाला. मामा त्यावरही हसला. त्या आठवड्यात तो कशालाही हसायचा आणि मला त्याची भीती वाटायची.

वारा वस्तीच्या उलट दिशेला असायचा तेवढाच वेळ आम्हाला ढीग उघडता यायचा. आम्ही तीन नंबरमधला आणि चारच्या कडेचा नासलेला माल फावड्याने बाहेर ओढायचो, त्यात भुसा कालवायचो, पलीकडच्या एक नंबरमधलं चांगलं तापलेलं खत त्यात मिसळायचो, म्हणजे जिवंत जिवाणू आयते मिळतील. वरून पिंपातलं विरजण. मग पुन्हा थर. मामाचं शरीर थकलं होतं, पण तो थांबत नव्हता. दर चार फावड्यांनी मूठभर माल उचलून माझ्या तोंडापुढे धरायचा.

"आता?"

"सडलेली अंडी."

"आता?"

"अंडीच."

"नीट घे की वास! आता?"

"मामा, अंडीच आहेत! मी काय करू?"

मी खरं सांगायला लागलो होतो आणि खरं त्याला ऐकवत नव्हतं. एकदा तर त्याने ती मूठ स्वतःच्या नाकात कोंबली, जोराने आत ओढली आणि खोकत गुडघ्यांवर बसला. डोळ्यांतून पाणी. "काहीच नाही रे," तो म्हणाला. "नुसतं गार लागतंय. आंधळ्याने आरसा बघावा तसं."

तळाची ओल आटोपत नव्हती. भुसा संपला तेव्हा मामाने रिकामी पोतीच उचलली आणि काळ्या चिखलावर अंथरायला सुरुवात केली.

"मामा, पोती परत द्यायचीत!"

"आधी ढीग जगू दे."

सगळी पोती ढिगात गेली. त्यावर मामाने घरातली जुनी गादी फाडून तिचा कापूससुद्धा पसरला. मामी दारातून बघत होती, पण एक शब्द बोलली नाही. तिने न बोलणं ही आमच्या घरातली मोठीच बातमी असते.

शनिवारी ढीग थंडगार होता. वास कमी झाला होता, पण तो भुशाखाली दडपलेला, आत काही चालू झालेलं नव्हतं. जिवाणू रुजले नाहीत तर ऊन लागताच पुन्हा तेच. मामाने सळई खुपसली, काढली, गालाला लावली. गार. दुसरीकडे खुपसली. गार. शेवटी सळई फेकून त्याने बाही वर केली आणि खांद्यापर्यंत हात ढिगात घातला. गाल ढिगाला टेकलेला, डोळे मिटलेले.

"तापा रे," तो पुटपुटत होता. "एवढं खायला घातलं तुम्हाला. मला पुन्हा तिकडे पाठवू नका. तापा."

मी काट्यावर निघून गेलो. ते बघण्यासारखं नव्हतं.

तिथे मामी माझ्या मागोमाग आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाळा, तुझ्याकडे एक मागायचंय."

मामी मला बाळा म्हणाली की काहीतरी महाग असतं.

"सोमवारी साहेब विचारतील, हे कसं झालं. त्यांना कागदावर कुणाचं तरी नाव लागणार. तू सांग, तू ढिगावर पाणी मारलंस. नळ उघडा राहिला म्हण. तू तरुण आहेस, तुला दुसरीकडे मिळेल. ह्यांना ह्या वयात कोण घेणार? आणि खड्ड्यावर वास न येणारा माणूस म्हणजे…" तिने वाक्य सोडून दिलं. खड्ड्यातला तो वायू आधी वासाने कळतो. ज्याला वास नाही त्याला तो कळेपर्यंत संपलेलं असतं. हे तिने मला सांगायची गरज नव्हती.

"सांगेन," मी म्हणालो. यात माझा मोठेपणा काही नाही. चूक माझीच होती, फक्त नळाची नव्हती.

रविवारी दुपारी ढीग तापला. सळईला हात लावला आणि मामाने तो झटकला. भाजलेली बोटं तो मला पुन्हा पुन्हा दाखवत होता, जणू मुलाचं प्रगतिपुस्तक. वरच्या थरातून पांढरट वाफ निघत होती. मी वाकून वास घेतला, दोनदा घेतला, कुठलंही उत्तर आठवायच्या आधी घेतला. अंडी नव्हती. ओलसर लाकडाचा वास, त्याखाली थोडा अमोनिया.

"चालेल," मी म्हणालो.

"खरं?"

"मामीला बोलव."

मामी आली, वाकली. "चालेल," ती म्हणाली आणि ढिगासमोर उभी राहून रडायला लागली.

सोमवारी पालिकेच्या बाई आल्या. त्यांनी कप्पे बघितले, गटार बघितलं, तीन नंबरजवळ उभ्या राहून फोनवर घरच्या कुणाला तरी कुकर बंद करायला सांगितलं, आणि शेरा लिहिला: दुर्गंधी नाही, काम चालू ठेवावं. मामाने माझा दंड इतका घट्ट धरला की निळा डाग पडला.

बाई गेल्यावर साहेबांनी वही उघडली. "हं. आता मला कारण लिहू द्या. हे झालं कसं?"

"साहेब, चूक माझी," मी पुढे झालो. "मी पाणी मारत होतो. नळ उघडा राहिला."

"तू? तू काट्यावर असतोस. तू ढिगावर पाणी कशाला मारशील?"

हे मामीने आणि मी ठरवलं नव्हतं. "मामाने सांगितलं होतं, बघून ये म्हणून," मी म्हणालो.

"काय बघून ये?"

"ढीग. म्हणजे… वास कसा येतोय ते."

"मामा ढिगावरच असतात दिवसभर. ते तुला कशाला वास बघायला पाठवतील?"

परीक्षेत सुचायची तशी दहा उत्तरं सुचायला हवी होती, एकही सुचलं नाही. साहेब माझ्याकडून मामाकडे बघायला लागले. त्या दिवशीचा तो चहा-पाव त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलेला मी बघितला.

"नळबिळ काही नाही साहेब," मामा म्हणाला. "हा मुलगा खोटं बोलतोय, आणि तेही धड नाही. मला वास येत नाही. थंडीपासून."

मामीने डोळ्यांवर हात घेतला.

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर आम्हाला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "मामा, मी तुम्हाला इथे कसा ठेवू? उद्या आत काही कोंडलं, तुम्ही पडलात, तर उत्तर मी द्यायचं. ढिगावर नाही, आणि खड्ड्यावर तर नाहीच नाही."

"झाडू मारतो. फाटकावर बसतो."

"फाटकावर माणूस आहे."

"मग साहेब, मी बसू कुठे?"

साहेबांनी टेबलावरची टाचणी उचलून दुसरीकडे ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ढीग तू सांभाळ. मामा शिकवतील तुला महिनाभर. तो थर्मामीटर वापर."

असा मी मामाच्या जागेवर आलो. खोल्यांचाही ताबा मलाच मिळाला, कारण खोल्या ढिगाच्या माणसाच्या. मामाने मला महिनाभर शिकवलं नाही, आठवड्यातच सगळं सांगून टाकलं आणि गप्प झाला. तो आणि मामी लेकीकडे राहायला गेले, जावयाच्या घरी, एका खोलीच्या अर्ध्या भागात. निघताना मामीने त्याचे शर्ट पिशवीत भरले. सगळे धुतलेले. मी पिशवी उचलायला गेलो तर मामा म्हणाला, "राहू दे, प्रोफेसर. हलकी आहे."

मामा गेल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी वखारवाला फाटकावर आला. आत यायला तयार नव्हता, तिथूनच ओरडला, "मामा आहेत का?"

"नाहीत. आता मी आहे."

"मग माझ्या पोत्यांचं काय?"

मी तीन नंबरकडे बघितलं. वाफ चालू होती. ताग आत कुठेतरी होता, अर्धा खाल्लेला.

"बघतो," मी म्हणालो.

"मामांचा शब्द होता."

"हो. माहीत आहे मला."

तो गेला. पुढच्या बाजारालाही आला होता. पोती अजून द्यायची आहेत.